न उघडणाऱ्या फायली आणि कुंदाताई

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळची पाळी नुकतीच लागली होती. त्यांची धाकटी बहीण एवढंच म्हणाली, "दशरथभाऊ, ताई गेली..." मी लेथ बंद केला, हात पुसले आणि शेजारच्याला सांगून निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या पंप-व्हॉल्व्हच्या कारखान्याबाहेर त्यांचं काम कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

त्या नेवाशाच्या, शिक्षकाच्या घरातल्या. ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या; इतरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग शाईने उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. पुढे कॉम्प्युटर आले, तेही त्या शिकल्या आणि शेवटी कारखान्यातल्या सगळ्या ड्रॉइंगची जबाबदारी त्यांच्यावर आली. मी अकोले तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आयटीआय करून लेथवर लागलेला. ऑफिसातली माणसं आमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या शेडमध्ये, सहसा येत नसत. ताई पहिल्यांदा आल्या त्या माझ्या हातून झालेल्या घोटाळ्यामुळे. मी केलेले पंपाचे बारा शाफ्ट, बाराच्या बारा परत आले होते. पंखा शाफ्टवर पक्का धरणाऱ्या चावीची खाच मी जुन्या जागी पाडली होती आणि नव्या ड्रॉइंगमध्ये ती पुढे सरकवलेली होती. माझ्या हातात मेमो पडला होता. ताईंनी विचारलं, "तुमच्याकडे कुठला कागद होता?" मी तेलाने पिवळा पडलेला कागद पुढे केला. "आणि कॉम्प्युटरवर नवीन बघितलं नाहीत?" मी म्हणालो, "बघितलं ना ताई. आमच्या कॉम्प्युटरवर ते उघडतच न्हाई." त्यांनी स्वतः बसून पाहिलं. खरंच उघडेना.

कारखान्याने सगळी ड्रॉइंग आणि कागदपत्रं एका सिस्टीममध्ये आणून ठेवली होती. पण त्यातल्या फायली नाना प्रकारच्या... नवी मॉडेलं, मागच्या काळातल्या सॉफ्टवेअरमधली ड्रॉइंग, ट्रेसिंगचे स्कॅन, चाचणीचे अहवाल, फोटो. प्रत्येक प्रकाराला वेगळं सॉफ्टवेअर लागे आणि ते फक्त डिझाइनवाल्यांकडे. फाईलच्या नावावर क्लिक केलं की ती न उघडता बाजूच्या चौकटीत नुसती दिसावी, अशी प्रिव्ह्यूची सोय होती. पण ती मोजक्याच प्रकारांना चाले. बाकीच्यांना चौकट कोरी राही. ताई तडक मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. "ज्याला काम करायचंय त्यालाच ड्रॉइंग दिसत नाही, मग चूक त्याची कशी?" मेमो मागे घेतला गेला. माझ्यापुरता विषय संपला होता, ताईंसाठी तो तिथे सुरू झाला.

सिस्टीम बसवणाऱ्यांचं म्हणणं होतं, बहुतेक फायली दिसतात, उरलेल्या जुन्या आहेत, सोडून द्या. ताई म्हणाल्या, "त्या उरलेल्यांमधलंच एखादं मशीन अजून कुठेतरी चालू असतं." एकेक प्रकार घेऊन त्या त्याच्या मागे लागल्या. कधी जुनं सॉफ्टवेअर शोधून आणलं, कधी फायली दुसऱ्या प्रकारात बदलून घेतल्या, कधी त्या बसवणाऱ्यांना इतके फोन केले की त्यांनी कंटाळून काम करून दिलं. वर्षभराने सगळ्या चौकटी भरल्या. उद्यापासून कागद बंद, असं साहेबांनी जाहीरही केलं. त्या दुपारी ताईंनी मला ऑफिसात बोलावलं, पडद्यावर एक ड्रॉइंग दाखवलं आणि शेजारी त्याचा छापील कागद ठेवला. "नीट बघा. काय फरक आहे?" मला मिनिटभर काहीच दिसेना. मग ध्यानात आलं, मापापुढचं अधिक-उण्याचं चिन्ह पडद्यावर गायब होतं. किती फरक चालेल हे सांगणारं तेच तर चिन्ह. ताई म्हणाल्या, "कोरी चौकट परवडली. माणूस निदान विचारायला तरी येतो. हे दिसतंय, पण खोटं दिसतंय." कागद बंद करायच्या मंजुरीवर सही करायला त्यांनी साफ नकार दिला. साहेब चिडले, बैठका झाल्या, ताई हलल्या नाहीत. चिन्हांचे फॉन्ट सर्व्हरवर बसवून घेतले, प्रत्येक प्रकारच्या फायली कागदाशी ताडून पाहिल्या आणि मगच सही झाली. त्याला आणखी तीन महिने लागले.

याच दिवसांत त्यांचं दुखणं निघालं. केमो सुरू झाली, डोक्याला रुमाल आला. मी म्हणालो, "ताई, लई दगदग करता तुमी. घरी बसा की." त्या म्हणाल्या, "घरी बसून भिंती बघू का? अजून मराठी अहवाल राहिलेत." आमच्या टेस्ट बेंचवरच्या एका निवृत्त मिस्त्रींनी वर्षानुवर्षं चाचणीच्या अहवालांत मराठीत शेरे टाइप करून ठेवले होते. त्यांचा फॉन्ट आता कुठेच नव्हता. चौकटीत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. ताईंनी तेही बदलून घेतले आणि दवाखान्यात सलाईन चालू असताना लॅपटॉपवर एकेक वाचून तपासले.

ताई जायच्या थोडे दिवस आधी, ऐन उन्हाळ्यात मला भंडारदऱ्याकडच्या एका गावी पाठवलं. नळयोजनेचा आमचाच जुना व्हॉल्व्ह अडकला होता, दोन दिवस पाणी नव्हतं. गावची माणसं पाइपाचा तुकडा चाकाला अडकवून जोर लावायच्या तयारीत उभी होती. मी म्हणालो, "थांबा जरा," आणि मोबाइलवर कारखान्याची सिस्टीम उघडून व्हॉल्व्हवरचा नंबर टाकला. ड्रॉइंग आलं, त्याखाली मिस्त्रींचा शेरा, स्वच्छ मराठीत : हा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे, नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास दांडा तुटेल. आम्ही तेल सोडलं, वाट पाहिली आणि हलक्या हाताने उलटा फिरवला. तासाभरात टाकीकडे पाणी चढलं. एक म्हातारी बाई म्हणाली, "बरं झालं बाबा, थांबिवलंस त्ये." मी तिथूनच ताईंना फोन लावला. त्यांना बोलताना धाप लागत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेरा पूर्ण दिसला ना? खालची ओळ कापली नाही ना गेली?" मी म्हणालो, "न्हाई ताई, सगळा दिसला." "मग झालं," म्हणाल्या... आमचं शेवटचं बोलणं ते.

आता दर शनिवारी, पाळी लागायच्या आधी, मी ऑफिसातल्या त्यांच्या खोलीत जातो. नव्या फायली तपासत जाऊ का, असं साहेबांना मीच विचारलं होतं. ते नाही म्हणाले नाहीत. टेबलाच्या काचेखाली ताईंच्या हाताने केलेलं एका छोट्या झडपेचं ट्रेसिंग आहे, एकही रेघ कुठे जाड-बारीक नाही. खुर्ची त्यांच्या उंचीला लावलेली, माझे गुडघे टेबलाला टेकतात, पण मी ती वर करत नाही. आठवडाभरात आलेल्या नव्या फायली एकेक करून पडद्यावर आणतो, डिझाइनवाल्यांकडून छापून घेतलेला कागद शेजारी धरतो आणि पहिल्या मापापासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचतो.