फिरते सर

आम्हाला इंग्रजी कविता शिकवणारे सर तासाला कधी बसले नाहीत आणि आम्हालाही त्यांनी बसू दिलं नाही. कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारत कविता म्हणायची, हाच तास. पोरं त्यांना 'फिरते सर' म्हणत. सर म्हणत, "हे कवी डोंगर चढता चढता कविता रचायचे. त्यांना लागलेला दम तुम्हाला लागला नाही, तर कविता कळली कशी म्हणता?"

सर मूळचे फर्दापूरकडचे. चिडले की गावची बोली बाहेर पडे. माझा आवाज बरा, याचा मला कोण अभिमान! सरांनी तो पहिल्याच फेरीत उतरवला. "लई गोड म्हणतीस गं. पण अंगाला काय झालं तुझ्या? कायच नाय. मग ते खोटं हाय." 'खोटं' याहून मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती.

दुष्काळात टँकरच्या रांगेत ते झऱ्यावरची कविता पुटपुटत येरझाऱ्या घालत होते. मागच्या मावशी ओरडल्या, "सर, झरा ऱ्हाऊ द्या, हंडा सरकवा फुडं!" मग भरला हंडा घेऊन तिसरा मजला चढताना त्यांनी उरलेली कविता म्हटली. "काल खरी निघाली," हे दुसऱ्या दिवशी आम्हाला केवढ्या कौतुकानं सांगितलं!

त्याच तिसऱ्या मजल्यावर ते पुढे अडकले. अर्धांगवायूनं एक बाजू गेली, चालणं संपलं. इमारतीला लिफ्ट नाही. शहर असं वाढलं की खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसरी भिंत उभी राहिली. मी भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, "कविता सोडलीय त्यांनी. बोलणंही सुटत चाललंय. तू तरी बघ."

"पायच नाहीत तर कशानं म्हणू?" सर भिंतीकडे बघत म्हणाले. "नाटक होईल ते."

मी पुस्तक उघडून त्यांच्या खुर्चीभोवती फेऱ्या घालत कविता म्हणू लागले. त्यांनी हात वर केला. "थांब. माझी कीव करत चालतीस. खोटं हाय."

मला असा संताप आला! माणूस संपत चालला आणि तरी परीक्षा घेतोय. "मग काय करू? मला भीती वाटते सर. तुम्ही असेच इथं गप्प होऊन जाल." आवाज फाटला, हातातलं पुस्तक थरथरायला लागलं.

सर माझ्या हातांकडे बघत राहिले. मग चांगला हात लांबवून त्यांनी बाजूची खुर्ची ओढली.

"बस," ते म्हणाले. "आता म्हण. मी पण म्हणतो."