भर सभेतला माझा कबुलीजबाब

हा किस्सा मी बायकोलासुद्धा लग्नानंतर सात वर्षांनी सांगितला, यावरून काय ते ओळखा! चहा घ्या, बिस्किट घ्या, हसायचं तेवढं हसा. पण त्या दिवशी माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, एवढं ध्यानात असू द्या.

एकोणीसशे तीस सालच्या आसपासची गोष्ट. मी मुंबईला कॉलेजात होतो. तिथल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं, त्याचं शिबिर अलिबागजवळ समुद्राकाठच्या एका नारळीच्या वाडीत भरलं. आगबोटीनं रेवस, पुढे बैलगाडी. वीसेक पोरं आणि आमचे पुढारी भास्करराव मास्तर. कुणी मुंबईचा, कुणी पुण्याचा, कुणी नगरचा. या मुलखातला मी एकटाच. माझं गाव वाडीपासून तीन कोसांवर.

पण गावाचं नाव मी कुणाजवळ काढत नसे; कुणी विचारलंच तर बाबांना तिथं मोठा मान आहे, असं ठोकून देई. बाबा ख्रिस्ती झाले तेव्हा गावानं आम्हाला वाळीत टाकलं होतं. वाळीत म्हणजे काय, ठाऊक आहे? कुणी मारत नाही, शिवी देत नाही. फक्त बोलत नाही. आई विहिरीवर गेली की बाया कळशा उचलून गुपचूप निघून जात. मी आठ वर्षांचा होतो. अशा माणसाला मंडळातली पोरं दारातून ओरडायची, "दाविद, आत ये की रे!" मला त्याचं केवढं अप्रूप होतं!

तर शिबिराचा तिसरा दिवस. मासळीची पारख माझ्याकडे, म्हणून पहाटेच मी किनाऱ्यावर होड्यांपाशी गेलो आणि टोपलीभर मांदेली घेऊन परतलो. समोर शमुवेल. नगरचा, माझ्याच तंबूतला, एरवी झोपेतसुद्धा बडबडणारा.

"शमुवेल, बघ कशी ताजी मांदेली!"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं रे?"

त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि चालता झाला!

पुढे भास्करराव दिसले. "नमस्कार मास्तर!" म्हटलं. ते हसले, हात जोडले आणि पाठ फिरवून गेले. चुलीपाशी चौघे बसले होते, एकाच्याही तोंडून शब्द नाही. मी आलो म्हणूनच गप्प झाले, हे मी लगेच धरून चाललो. दुपारी पंगतीत मुद्दाम टोकाला जाऊन बसलो. कुणी तरी "इकडे सरक" म्हणेल, म्हटलं. छे! ही शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती हो!

मी वाडी राखणाऱ्या पांडूकाकाला गाठलं.

"काका, माझ्याशी कोनी बोलत न्हाय."

"कोनीच?"

"कोनीच न्हाय."

काकानं विडी विझवली. "मंग तुला वाळीत टाकलाय. काय केलंस पोरा?"

"मला कुठं ठावं हाय!"

"कायतरी केलंच असशील. नारळ घे, सभेत उभा ऱ्हा, कबूल कर. पंच बोलले तर सुटलास. गप ऱ्हायले तर समज, आजून कायतरी बाकी हाय."

आता हा सल्ला ऐकणारा शहाणा की देणारा, ते तुम्हीच ठरवा.

तीनच्या सुमारास सगळे सुरूच्या झाडांखाली गोल करून डोळे मिटून बसले होते. मी नारळ घेऊन बरोब्बर मध्ये जाऊन उभा राहिलो.

"मंडळी, माझं चुकलं! बिस्किटांचा अर्धा डबा मी खाल्ला."

वीस जोड डोळे खाडकन उघडले. पण शब्द नाही! म्हणजे अजून बाकी होतं.

"शमुवेल, तुझी वहाण कुत्र्यानं नेली नाही. मी घालून गेलो होतो, लाटेनं नेली."

शमुवेल लालबुंद झाला, अर्धा उठला, तोंडावर हात दाबून पुन्हा खाली बसला. बोलला मात्र नाही. मला दरदरून घाम फुटला.

"भास्करराव मास्तर, तुमच्या प्रवचनात मी डोळे मिटतो ते भक्तीनं नाही. झोपतो!"

मास्तरांनी रुमाल काढून तोंडात कोंबला. बाकीच्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. संतापानं, दुसरं काय?

"गायनात मी वर्षभर नुसतं तोंड हलवतो. गाणी मला येत नाहीत!"

गप्प.

मग माझा धीरच सुटला. नारळ छातीशी धरून मी जे बोलू नये तेही बोलून गेलो. "माझ्या बाबांना गावात मान आहे, हे खोटं. गावानं आम्हाला वाळीत टाकलंय. आणि मंडळात मी पहिल्यांदा आलो तो प्रार्थनेसाठी नाही, चहा आणि पाव मिळतो म्हणून आलो. राहिलो तो तुम्ही मला नावानं हाक मारता म्हणून. आता आणखी काही बाकी नाही हो. कुणीतरी बोला!"

आणि मी भोकाड पसरलं. एकोणिसाव्या वर्षी!

तेवढ्यात चारची घंटा झाली, आणि वीसच्या वीस जण एकदम ओरडले.

"माझी वहाण!"

"अर्धा डबा? गाढवा!"

"अरे, आज मौन होतं!" भास्करराव डोळे पुसत म्हणाले. "पहाटेच्या प्रार्थनेत ठरलं. चारपर्यंत देवाशिवाय कुणाशी बोलायचं नाही, लिहायचंही नाही. तू होतास कुठं?"

"मांदेली आणायला."

मग मीच विचारलं, "म्हणजे मला वाळीत नाही टाकलं?"

"तुला?" शमुवेलनं माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "वाळीत टाकलं तर वहाण कुणाकडून वसूल करू, मूर्खा?"

मग जो तो मला शिव्या घालत सुटला. मूर्ख, गाढव, चोरटा, बैल! सकाळपासून एका शब्दासाठी आसुसलो होतो, आता शिव्यांचा पाऊस पडत होता, आणि मी मध्ये उभा राहून हसत होतो, रडत होतो. गाव माझ्याशी एवढं कधीच बोललं नव्हतं. मास्तरांनी माझ्या हातातला नारळ घेऊन दगडावर फोडला आणि पहिला तुकडा मलाच दिला.

तेवढ्यात शमुवेल उठला. म्हणाला, "मंडळी, मी ठराव मांडतो. उद्या पुन्हा दिवसभर मौन. फक्त दाविदनं पाळायचं. ज्यांची हरकत नाही त्यांनी हात वर करा!"

ठराव एकमतानं पास झाला. विरोधात कुणी नव्हतं हो. सगळ्यात आधी वर गेलेला हात माझाच होता!