खिळ्यावरचा एप्रन

कामाला येणारं माणूस आधी पगार विचारतं. सुलभाताईंनी विचारलं, "दुपारची बाई पडंल कुठं?"

नागावच्या आमच्या वाडीत सहा खोल्या बांधून मी नुकताच होमस्टे सुरू केला होता आणि स्वयंपाकघर सांभाळायला जाणती बाई शोधत होतो. ताई आल्या त्या काखेत चटईची गुंडाळी घेऊनच. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळाला कायमची आठी. स्वयंपाकघरामागच्या चिकूखाली त्यांनी चटई पसरून पाहिली आणि म्हणाल्या, "जमंल. बायका मी आनते." मी मनात म्हटलं, ही कामाला आलीय की आरामाला?

चार बायका आल्या आणि ताईंचा कायदा लागू झाला. जेवणं चालू असली तरी एक वाजल्यानंतर एकेकीने पाळीपाळीने अर्धा तास चटईवर पडायचं. जाताना एप्रन काढून मागल्या दाराच्या खिळ्याला अडकवायचा. तो खिळ्यावर आहे तोवर तिला कुणी हाक मारायची नाही, जवळसुद्धा फिरकायचं नाही. मग पाहुणे चार असोत की चाळीस.

एकदा मे महिन्यात, ऐन पंगतीत, एका पाहुण्याला तव्यावरचीच भाकरी हवी होती आणि भाकऱ्या थापणारी वनिता नेमकी चटईवर. मी तावातावाने मागल्या दाराकडे निघालो. ताई डाव घेऊन दारात आडव्या उभ्या.

"एप्रन खिळ्याला हाय ना? मंग वनिता हितं न्हाय."

"ताई, पाहुणा खोळंबलाय!"

"खोळंबू दे. दादा, मानूस हाय, गिझर न्हाय. बटन दाबलं का तापला, असं न्हाय होत."

मालक मी, आणि पाहुण्याची माफी मागायला गेलो तोही मीच. दोन दिवस मी ताईंशी धड बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं.

हा हट्ट कुठून आला, ते मासळी साफ करता करता त्यांनी एकदाच सांगितलं. आधीच्या हॉटेलात त्यांच्या शेजारी उभी राहणारी बाई सुट्ट्यांच्या गर्दीत तीन दिवस नीट झोपली नव्हती. तिने उकळत्या तेलात झाऱ्याऐवजी हात घातला. "झोप नसलेल्या हाताला तेल कळत न्हाय, दादा," एवढं म्हणून ताईंनी पुढची सुरमई ओढली.

आजूबाजूच्या होमस्टेंमधल्या बायका भर सीझनमध्ये काम टाकून जात. आमच्याकडची एकही गेली नाही. चारचौघांत मी याचं श्रेय माझ्या गोड स्वभावाला देत असे. एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी ती पाहत नव्हतो. ताई स्वतः कधीच पडत नसत. "माजी पाळी शेवटाला," म्हणायच्या, आणि शेवटची पाळी यायच्या आत चारच्या चहाची नि कांदाभज्यांची फर्माईश येऊन पडे. तीन वर्षांत त्यांचा एप्रन मी खिळ्यावर पाहिला नव्हता. माझं काम होत होतं, म्हणून मी गप्प होतो.

गेल्या थर्टीफर्स्टला मी लोभाला बळी पडलो. चाळीस पानं ठरली होती. शेजाऱ्याकडे बुकिंगचा घोळ झाला, तेव्हा त्याची वीस माणसंही मी जेवायला घेतली, तीही ताईंना न विचारता.

"साठ?" त्या म्हणाल्या. "बायका तेवढ्याच हायत, दादा."

"एक दिवसाचा प्रश्न आहे, ताई. घ्या सांभाळून."

त्यांनी सांभाळून घेतलं. कुणाची पाळी चुकवली नाही, वाढलेलं काम फक्त स्वतःच्या अंगावर ओढलं. दुपारी तीनच्या सुमारास मात्र त्यांनी हातातला झारा ठेवला. "आज मी जरा पडते," म्हणाल्या, आणि एप्रन काढून खिळ्याला अडकवला.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला!" मी म्हटलं. सगळ्या हसल्या. खरंच बरं वाटलं होतं आम्हाला.

अर्धा तास झाला, तास झाला. चारचा चहाही झाला. एप्रन खिळ्यावर होता. एवढ्या वर्षांची झोप आहे, घेऊ दे की, म्हणून आम्ही कुजबुजत भांडी घासली, दारही हळू लोटलं. पाच वाजता ऊन चटईवर आलं तरी ताई हलल्या नाहीत, तेव्हा वनिता धावली.

अलिबागच्या डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव सांगितला. "थोडं आधी आणायला हवं होतं," म्हणाले. चौथ्या दिवशी ताई गेल्या. दवाखान्याच्या पायरीवर वनिता भिंतीशी बोलावं तसं बोलत होती, "दोनदा दारापोतूर गेलते मी. घोरन्याचा आवाज येगळा वाटला. पन एप्रन व्हता ना. हाक कशी मारनार?"

वीस पानं मी वाढवली होती, आणि ते मी अजून ताईंच्या मुलाला सांगितलेलं नाही.

होमस्टे चालू आहे. चटई तिथेच आहे, पाळ्याही त्याच. पण आता कुणी पडलं की दर पाच मिनिटांनी आतून कुणीतरी हाक मारतं, "वनिता, हायस ना?" ती चटईवरून ओ देते. आमच्या वाडीत आता कुणाचाच डोळा लागत नाही.