वाडग्याची जागा

माझ्यामुळं एका घरचा मेंढरं कोंडायचा वाडगा मोडला, आणि वर मी खोटंही बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना स्वतःला सावरून घ्यायची सोय राहणार नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव बोरीपासून दोन कोसांवर. परभणीत केबल आली होती. आमच्याकडं मात्र एकच वाहिनी, तीही मुंग्यांनी भरलेली. माझा एक शाळासोबती होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोरीच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांनी मिळून गावात डिश बसवायची ठरवलं. पैसा माझ्या घरचा, हुन्नर त्याचा. परभणीच्या एका डिशवाल्याकडं महिनाभर राहून तो काम शिकून आला.

मला वाटायचं, बारा फुटांची ती जाळीची छत्री कुठंही उभी केली की झालं. तो हसला. "मांडव घालायलास का लेका? आधी आभाळ बघावं लागतं."

त्याचं आभाळ बघणं अजून डोळ्यांपुढं आहे. शाळेतला कोनमापक, त्याला गवंड्याचा ओळंबा बांधलेला, खिशात होकायंत्र. आग्नेयेकडं, उपग्रह असतो त्या बाजूला, तोंड करून तो उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि पन्नासेक अंश वर नजर लावायचा. त्या रेषेत फांदी नको, भिंत नको. मारुतीच्या पारावर पिंपळ आड आला. शाळेमागं कडुनिंब होता. "आज खाली हाय, पाच वर्षांनी आडवा येतोय बग," म्हणून तीही जागा गेली. माळवदाच्या मातीत बोल्ट धरत नाहीत, वारं छत्री सुपासारखी उचलतं. आमच्या घराचा नवा स्लॅब मला पसंत होता. तिथं त्यानं कोन लावलाच नाही, नुसतं बोट दाखवलं. स्लॅबच्या कडेनं विजेची तार गेली होती.

"उभा पाइप हातातून सुटला तर तारेवर जातोय. मग धरणारा काई राहत न्हाई. ही जागा सोड."

शेवटी जागा निघाली ती त्यांच्याच वाडग्यात. गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड, पाणी न थांबणारी. आग्नेयेला नुसतं आभाळ, आणि जवळपास एकही तार नाही. तिथं बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात त्यांची मेंढरं बसत. मेंढरं न्यायला त्यांच्याकडं दुसरी जागा होती ती ओढ्याच्या काठाला, सखल.

त्याच्या वडिलांना मी मामा म्हणायचो. ते कुंपणाला हात लावून उभे राहिले. मग मुलाकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "धाकले मालक, पोरगं म्हणतंय तर जागा चांगलीच असंल. मला त्यातलं कळत न्हाई. पर एकदा काटी काढली की त्या जागी आमी परत वाडगा करीत न्हाई. आमच्या घरात तसं चालत न्हाई. छत्री हितंच लावणार, असा तुमी शबुद देता का?"

"दिला, मामा."

त्यांनी स्वतः काटी काढली. जागेला हात जोडले आणि मेंढरं ओढ्याकडं नेली. मुलानं त्याच दुपारी पायाचा खड्डा खणायला घेतला.

दोन दिवसांनी मी घरी जेवायला बसलो होतो. चुलते पलीकडं सुपारी कातरत होते.

"छत्री मेंढराच्या लेंड्यात लावायलास म्हणं?"

"तिथं कोन बसतो, काका. आपल्या स्लॅबजवळ तार आहे."

"तारेचं बघू, वायरमन आपलाच हाय. गाव बघायला कुणाच्या दारात जमंल, ते सांग. आपल्या का त्यांच्या?"

मी पुढचा घास घेतला. शब्द दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर चुलते रागावले असते, कदाचित पैसाही अडला असता. त्यापेक्षा जास्त काही झालं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडग्यात गेलो. खड्डा कमरेएवढा झाला होता. मित्र आत उभा होता, अंगाला मुरमाची धूळ.

"थांब," मी म्हणालो. "परभणीचा डिशवाला म्हणतोय, इथं कोन बसत नाही. स्लॅबवरच घ्यावं लागेल."

"कवा म्हणला?"

"काल."

त्यानं कुदळ खाली ठेवली. "काल दिसभर मी त्याच्याकडंच होतो. हे बोल्ट आणायला."

त्यानं पिशवीतले बोल्ट माझ्या पायाशी ठेवले.

"कोन बसतोय. तुला इथं बसायचं न्हाई, असं म्हण ना. माझ्या कामावर कशाला घालतूस?"

तेही मी म्हणालो नाही.

स्लॅबवर छत्री चढवायला चुलत्यांनी दुसऱ्याच माणसाला बोलावलं. आम्ही सहाजण पाइप उभा करत होतो, आणि गावाची लाइन गेली. रेडिओ बंद, गिरणी बंद. चुलते तरातरा विजेच्या डीपीकडं गेले. तिथं माझा मित्र बसला होता, तिन्ही फ्यूज मांडीवर घेऊन. वायरमन पान खायला गेलेला.

"कुणाला इचारून काढलं रे?"

"पाइप बोल्टात बसू द्या मालक, मग लावतो. तवर शिव्या द्या, लाइन मात्र देऊ नका."

चुलत्यांनी शिव्या दिल्या. तो उठला नाही. इकडं पाइप एका बाजूनं सुटला आणि सरळ तारेवर जाऊन टेकला. खाली तो मीच धरला होता. तार हलत राहिली, आणि मी जिवंत होतो. काम झाल्यावर त्यानं फ्यूज लावले आणि आमच्या दारावरून न जाता मागच्या वाटेनं घरी गेला.

चित्र लख्ख आलं. गाव आमच्याच दारात जमलं. मित्राचं घर तेवढं आलं नाही.

पावसाळ्यात ओढ्याकाठचा वाडगा चिखलानं भरला. मेंढरांचे खूर कुजले, लंगडी मेंढरं विकावी लागली. वरची जागा रिकामीच होती, पण मामांनी तिकडं पाऊल टाकलं नाही. दिवाळीनंतर ते सगळे सोनपेठकडं नातेवाइकांत निघून गेले.

पुढं चुलत्यांनी डिशचा सगळा कारभार मला न सांगता आपल्या पोराच्या हाती दिला. मला दगा झाला, असं मी चार लोकांत बोललो. त्या चार लोकांत मामांच्या वाडग्याशेजारी राहणारा एक म्हातारा होता. तो फक्त म्हणाला, "तुला बी?"

बऱ्याच वर्षांनी सोनपेठच्या बाजारात मित्राचं दुकान दिसलं. त्यानं ओळखलं, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. मी मामांबद्दल विचारलं. तीन वर्षांपूर्वी गेले, म्हणाला.

"मला त्यांची माफी मागायची होती."

"कशाची? त्यांना म्हाईतच नव्हतं."

मला समजेना. तो हातातला पेचकस पुसत राहिला.

"बापानं इचारलं, धाकल्या मालकांनी शबुद का मोडला? तू दिलेला शबुद तूच मोडलास म्हणलं असतं, तर तो शबुदाचा जाब मागत तुमच्या दारात येऊन बसला असता. तसं त्यानं तुमच्या दारात बसावं, हे मला बघवलं नसतं. मी म्हणलो, माझंच मोजमाप चुकलं. कोन बसत नव्हता." चहा आला. त्यानं एक कप माझ्याकडं सरकवला. "शेवटपर्यंत म्हणायचा, तुझ्या अर्धवट शिकण्यापायी वाडगा गेला."

चहा मी प्यालो.

मामा वाचू शकत नव्हते, आणि आता ते नाहीत. तरी लिहून ठेवतो. मोजमाप बरोबर होतं. त्या वाडग्यात कोन बसत होता.