चिखलाचा मान

परदेशी म्हातारा आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात आला, कारण मी त्याला ओढून आणलं. पाहुणचार हा नुसता बहाणा. मला त्याला आणखी एक वर्ष थांबवून घ्यायचं होतं.

मी विमानाच्या चाकांचं काम करते. लढाऊ विमान उतरताना त्याचा सगळा भार झेलतात ते पाय आणि त्यांची चाकं. गावात हे सांगितलं की लोक खट्टू होतात. "एवढी शिकली अन् चाकंच करते का वो?" असं शेजारच्या काकूने तोंडावर विचारलं होतं. म्हटलं, काकू, वर गेलेलं विमान खाली नाई यावं का?

विमान आपल्या देशाचं, पण असे पाय आम्ही कधी केलेच नव्हते. म्हणून करार झाला आणि थंड मुलखातला हा म्हातारा आमच्या कारखान्यात आला. जन्मभर त्याने हेच केलेलं. आमच्यातले काही जण पहिल्या दिवसापासून कुजबुजत होते, की हे बाहेरचे लोक वस्तू देतात आणि हातोटी खिशात ठेवतात. मलाही तेच वाटायचं, कारण म्हातारा सरळ उत्तर देईल तर शपथ! काहीही विचारा, उलट मलाच विचारायचा, "तुला काय वाटतं?" अरे, मला कळत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? माझं डोकंच फिरायचं. एकदा तर मी हातातला पाना टेबलावर आपटला.

मग पहिली मोठी चाचणी फसली. पायावर भार लादून तो उंचावरून सोडतात. आमचा पाय धाडकन् पार तळापर्यंत दबला, आणि धक्का झेलायला त्यात भरलेलं तेल फरशीभर झालं. सगळ्यांची तोंडं उतरली, मोठे साहेब निघून गेले. म्हातारा मात्र गुडघे टेकून त्या तेलात बसला आणि मलाही शेजारी बसवलं. काय झालं असेल, बोल म्हणाला. मी बोलत गेले, चुकत गेले, तो ऐकत गेला, आणि शेवटी दोष माझ्याच तोंडून बाहेर पडला. तेव्हा कुठे उजेड पडला. त्याने काहीच लपवलं नव्हतं. त्याने उत्तर देऊन टाकलं असतं तर ते त्याचंच राहिलं असतं. पुढे त्याने मला घडवलं, माझा राग सोसून घडवलं. त्याचे उपकार आहेत माझ्यावर, हे मी कुणालाही ठणकावून सांगते.

आणि असा माणूस निघाला होता! करार संपत आलेला. शेवटच्या चाचण्या त्याच्यामागे माझ्या गळ्यात पडणार होत्या. त्यानंतर त्या पायांवर एक जिवंत माणूस विमान उतरवणार होता. माझी झोप उडाली. साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "आम्ही वाढवून देतोय, तोच नको म्हणतोय." म्हणून मी त्याला घरी नेलं.

गाडीतून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची धुराडी मागे पडली तसा मी थांबण्याचा विषय काढला. त्याने खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, हे झाड कुठलं? म्हटलं, मोह. थोड्या वेळाने परत काढला. हे कुठलं? म्हटलं, साग! आणि तोंड फिरवून बसले.

घरी पोचलो तो रोवण्याचा शेवटचा दिवस. माय म्हणाली, "याले तिखट चालते का वो?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने त्याला शेतात चल म्हणून खूण केली.

आमच्याकडे भाताची रोवणी संपते त्या दिवशी बाया शेताच्या मालकाला चिखलात लोळवल्याशिवाय बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, निघत नाहीत. मालकाने मग सगळ्यांना जेवू घालायचं. अंगाला चिखल लागला की शेत त्याच्या हवाली झालं, पुढचं त्याचं तो पाहील. माझे बाबा दरवर्षी लपतात आणि दरवर्षी सापडतात. त्या दिवशी मात्र बायांना बांधीच्या काठाला, धुऱ्यावर, म्हातारा उभा दिसला.

"हाच ना इमानाचा मालक?" एकीने विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत चौघींनी त्याला धरून बांधीत आडवा केला!

"अवो, काय करून राह्यल्या तुम्ही! पाहुना आहे तो!" मी किंचाळत धावले. लाजेने मेल्यासारखं झालं. म्हातारा उठून बसला, पांढऱ्या भुवयांतून चिखल गळत होता. हे कशाबद्दल, एवढंच त्याने विचारलं. मी अडखळत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून त्याने दोन्ही हातांनी चिखल उचलला आणि माझ्या कपाळाला, गालांना सावकाश फासला.

"यांनी चुकीच्या माणसाला लोळवलं," तो म्हणाला. "सांग त्यांना."

"काय म्हंते वो भाऊ?" बाया विचारू लागल्या. तो माझ्याकडे बघत उभा होता, आणि त्याची भाषा समजणारी तिथे मी एकटीच. दुसरं कोण सांगणार?

"इमानाच्या चाकांची मालकीन मी आहो," मी म्हटलं, आणि भोकाड पसरलं.

"मंग रडते काऊन? जेवन दे!" असा एकच गलका झाला आणि बायांनी मलाही लोळवलं.

पुढे ते विमान त्याच पायांवर नीट उतरलं. पण माझ्या हवाली ते झालं त्या बांधीत.

संध्याकाळी कोंबडं कापलं, अंगणात पंगत बसली आणि वाढायला मी. म्हाताऱ्याच्या नाकाडोळ्यांतून तिखटाचं पाणी वाहत होतं, तरी तो खात होता. त्याच्या पुढ्यात वाकले तेव्हा थांबा ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी आणखी एक मूठ भात वाढला आणि पुढच्या पानाकडे सरकले.