संग्रहालयातलं आमचं जातं

उशिरा लिहितो आहे, माफ करा. दळलेली हळद डब्यात भरून हात इतके माखले होते की मोबाईल धरायची भीती वाटत होती.

आमचं जुनं जातं आम्ही मागच्या वर्षी अमरावतीच्या एका लहानशा संग्रहालयाला दिलं. आता नातीचं लग्न ठरलं, आणि आमच्याकडे लग्नाची हळद त्याच जात्यावर दळायची रीत आहे. दिलेली वस्तू मागायची कशी, या काळजीने मी तिथे जाणं रोज उद्यावर ढकलत होतो.

आज बायकोच मला घेऊन तिथे गेली. तिथल्या साहेबाला म्हणाली, "बापू, जातं वापस नेत नाही. इथंच हळद दळून घेतो."

"काकू, पाहुण्यांनी वस्तूले हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"मंग तू काई पाहुणा नाईस. तूच दळ!"

मी माफी मागायला पुढे झालो. साहेब मात्र खो खो हसला आणि बाह्या सरसावून जात्यापुढे बसला. "दळतो, पण गाणं कोण म्हणते?"

गाणं माझी आई म्हणायची. बायकोला त्यातल्या दोनच ओळी आठवल्या, मला तेवढ्याही नाही.

उरलेली हळद दळायला साहेबाने उद्या बोलावलं आहे. जात्यावरचं हळदीचं गाणं कुणाला पूर्ण येतं का? कृपा करून लवकर कळवा. नाहीतर सिनेमातलं म्हणतो, अशी साहेबाने धमकी दिली आहे.