दसऱ्याला पूजलेलं सॉफ्टवेअर

आमच्या मालकांना वाटतं, कंपनी त्यांनी वाढवली. वाढवली असेल, पण पैसा उधळला जाऊ नये म्हणून दरवर्षी बजेटला कात्री लावली ती मी. डोंबिवली एमआयडीसीत आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. कळव्याहून मी इथे नोकरीला आले तेव्हा नुसती एक शेड होती. मग आंबिवलीला गोडाऊन झालं, ठाण्यात काचेचं ऑफिस झालं आणि मालकांना माझं एक्सेल जुनाट वाटायला लागलं.

"ताई, बजेटसाठी सॉफ्टवेअर घेऊ या. निवडायचं तुम्ही. तुमच्याएवढं कोणाला कळतं?"

ताकापुरती आजीबाई! कळत होतं, तरी मी सुखावले. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या पगारावर. अकाउंट्सच्या त्याच खुर्चीवरून रिटायर व्हावं, एवढंच मला हवं होतं. सॉफ्टवेअर मी निवडलं की ते चालवायलाही मीच लागणार, असा माझा हिशेब.

डेमो द्यायला माणसं यायला लागली. एकाच्या स्क्रीनवर नुसते रंगीत गोळे फिरत होते. जीएसटीचं विचारलं तर तो फोन लावायला बाहेर गेला. दुसरा माझ्याकडे न बघता सगळं मालकांनाच सांगत होता. शेवटी ठाण्याची एक मुलगी आली. लॅपटॉप उघडायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही बजेट कसं करता ते सांगा ना आधी."

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिचंच सॉफ्टवेअर घ्यायला लावलं.

मग मी सांगत गेले आणि ती नियम भरत गेली. आमच्याकडचं बजेट म्हणजे भाजीबाजार. मेंटेनन्सवाला दुप्पट मागतो, कारण मी निम्मं कापणार हे त्याला ठाऊक. सेल्सवाला विक्री फुगवतो. डिस्पॅचवाला शहाणपणाने कमी मागतो आणि नंतर टेम्पोच्या भाड्यासाठी रडत येतो. कोणाचं किती खोटं, हे मला तोंडपाठ होतं. ते सगळं त्या पोरीने माझ्याकडून गोड बोलून काढून घेतलं.

"आणि पगार, मॅडम?"

"एकाच कामावर दोन खर्च दिसले, तर महागाचा तो लाल करायचा."

हा नियम माझाच. त्याच नियमाने गोडाऊनच्या दोन सुपरवायझरपैकी एक घरी गेला होता, आणि मला त्याची काडीचीही खंत नाही. दोघं मिळून एकच माल मोजत बसायचे.

सुरुवात दसऱ्याला करायचं ठरलं. सकाळी मशीनना झेंडूचे हार घातले. लॅपटॉप पाटावर ठेवला, त्याला मी हळदकुंकू लावलं. नारळ ताईंनीच फोडायचा, असा मालकांचा आग्रह. एका फटक्यात फोडला. टाळ्या पडल्या, मालकांनी बटण दाबलं आणि भिंतीवर पुढच्या वर्षाचं बजेट उमटलं.

मेंटेनन्सचं निम्मं झालं होतं. सेल्सची हवा काढली होती. मला खरंच अभिमान वाटला. आणि खाली एकच ओळ लाल होती. काम: बजेट तयार करणे. खर्च दोन: सॉफ्टवेअरची वर्षाची फी आणि माझा पगार. लाल होता तो माझा पगार.

"बघा सर, स्वतःहून पकडलं!" मुलगी खूश होऊन म्हणाली. मग तिने ती ओळ नीट वाचली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. सगळ्यात आधी मेंटेनन्सवाला हसला.

मालक हसण्यावारी नेतील, असं मला वाटलं. ते चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचत होते.

"यात चूक नाही ना काही?"

"मॅडमनीच दिलेले नियम आहेत, सर."

मालकांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, ताई. दिवाळीपर्यंत चार्ज देऊन टाका."

चार्ज कोणाला द्यायचा, हे विचारायची गरजच नव्हती. त्याला मी नुकतंच कुंकू लावलं होतं.